मागून मारलेली हाक

हत्ती करायचा असेल तर आधी कंबर मोडावी लागते. पुष्कळ बाया नुसता हात नाकाला लावतात आणि म्हणतात, झाली सोंड. ती सोंड नव्हे, ते शेंबूड पुसणं. खरा हत्ती कंबरेतून येतो. गुडघे वाकवायचे, पाठ रुंद करायची, डोळे बारीक करायचे, एक पाय उचलायचा आणि तो खाली ठेवावा की न ठेवावा असा विचार करत अधांतरी धरायचा. सोंड सगळ्यात शेवटी. मी हत्ती केला की तीन वर्षांची पोरं मागे सरकतात. एकदा तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिका मॅडमही सरकल्या होत्या, पण शेऱ्यात त्यांनी ते लिहिलं नाही.

मी अंगणवाडी सेविका. बावीस वर्षं झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण ह्या हकिकतीतली माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही तिथंच राहायचं आहे. मळवली स्टेशनात उतरून भाज्याच्या लेण्यांकडे शनिवार-रविवारी जी गर्दी लोटते, तिच्या वाटेवर आमची वाडी लागते, एवढं पुरे.

अंगणवाडी म्हणजे दुपारची खिचडी, असं शहरात अनेकांना वाटतं. खिचडी आहेच. पण त्याशिवाय पोरांची वजनं करायची, उंची मोजायची, गरोदर बायांच्या घरी जाऊन यायचं, लसीच्या दिवशी पोराला घेऊन शेतात पळालेल्या आया शोधून आणायच्या, आणि हे सगळं मोबाईलमध्ये भरायचं. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, त्यामुळे माझं निम्मं ऑफिस टाकीखाली उभ्यानं चालतं. ह्यातून जो वेळ उरतो त्यात तीन ते सहा वर्षांच्या पोरांना शाळेसाठी तयार करायचं.

ही तयारी म्हणजे काय? तळेगावच्या कंपनीत कामाला जाणारा एक बाप दर महिन्याला येऊन विचारायचा, "बाई, इंग्लिश कधी चालू करणार?"

मी म्हणायचे, "आधी त्याला चड्डीची नाडी सोडता येऊ द्या. ती वेळेवर सुटली नाही, तर चड्डी इंग्लिशमध्येही ओलीच होते."

तयारी म्हणजे आई नजरेआड गेली तरी चार तास न रडता काढणं. लघवीला लागलीय हे सांगता येणं. आपली पाळी येईपर्यंत थांबणं. शेजाऱ्याचा खडू न खाणं. आणि सांगितलेलं नीट ऐकून तसं करणं. ही शेवटची ओळ मी वर्षानुवर्षं पालकसभेत ठणकावून म्हणत आले. आता म्हणताना जीभ अडखळते. का, तेच सांगायला बसले आहे.

एप्रिलमध्ये आमच्या पोरांचा मेळावा भरतो. येत्या जूनला पहिलीत जाणारी पोरं आणि त्यांच्या आया शाळेत येतात. वर्गात ओळीनं टेबलं मांडलेली असतात आणि प्रत्येक टेबलामागे एक गुरुजी किंवा बाई. एका टेबलापाशी खडूच्या रेघेवरून चालायचं, दुसऱ्यापाशी राजमा आणि हरभरे वेगळे करायचे, तिसऱ्यापाशी रंग ओळखायचे, चौथ्यापाशी चित्र बघून गोष्ट सांगायची. पोराच्या हातात एक कार्ड असतं. त्यावर प्रत्येक टेबलाचा शेरा पडतो: स्वतः करते, मदतीने करते, किंवा अजून जमत नाही. खाली सही सेविकेची. कार्ड पोराचं असतं, परीक्षा माझी असते. कोणाच्या अंगणवाडीची पोरं किती तयार, ह्याची चर्चा मग भाऊबीजेपर्यंत पुरते.

आता गुपित. आमच्या भागात आम्ही जी दोन-तीन जुनी खोडं आहोत, ती ह्या मेळाव्यात लबाडी करतो. टेबलामागे बसलेल्या गुरुजींच्या पाठीमागे जाऊन उभं राहायचं. गुरुजींचं तोंड पोराकडे, पाठ आपल्याकडे. ते विचारतात, "ह्यातलं जड काय?" की आपण मागे धोंडा उचलल्यासारखं वाकायचं. ते विचारतात, "पोपट कुठं आहे?" की आपण पंख फडफडवायचे. पोर आपल्याकडे बघतं आणि बरोबर उत्तर देतं. ह्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. एका साली मी आवाज न करता अख्खी आगगाडी उभी केली होती, आणि गुरुजींना वाटलं मागे पंखा सुरू आहे.

ईश्वरी माझ्याकडे आली तेव्हा तिला चौथं लागलं होतं. तिची आई रेश्मा लोणावळ्यात बंगल्यांवर साफसफाईच्या कामाला जाते. शनिवार-रविवारी बंगले भरलेले असतात, म्हणून ती घरी सापडते ती आठवड्याच्या मधल्या वारीच. बाप टेम्पोवर, म्हणजे घरी सापडतच नाही. पोरगी असायची आजोबांपाशी. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. लेण्यांच्या पायथ्याशी त्यांची लिंबू सरबताची आणि कणसांची गाडी आहे. आबांचा दरारा असा, की उतरून आलेले पर्यटक सरबताला साखर कमी आहे असं म्हणायलाही कचरतात.

आणि ही पोरगी! पहिल्या आठवड्यातच तिनं माझा हत्ती उचलला. सोंड नव्हे, अख्खा हत्ती. तो अधांतरी धरलेला पायसुद्धा. बावीस वर्षांत तो पाय कुणाच्या लक्षात आला नव्हता, तो ह्या टिचभर पोरीनं बरोबर हेरला. नट मंडळी दाद कशी हुंगतात ठाऊक आहे ना? मी तिला समोरच्या रांगेत बसवलं. गाण्याचा प्रत्येक हातवारा ती माझ्या मागोमाग अर्ध्या क्षणात करायची. उठा म्हटलं की उठायची, रांग करा म्हटलं की रांगेत. बोलायची कमी. आई, बाई, पापा असे चार शब्द, तेही बोबडे. पण आमची निम्मी पोरं पहिलं वर्षभर तोंडच उघडत नाहीत. गाणं म्हणताना तिचे ओठ सगळ्यांबरोबर हलायचे, आणि पंचवीस पोरं ओरडत असताना त्यात एक आवाज कमी आहे हे कोणाला कळणार?

मेळाव्याच्या दिवशी तिचं कार्ड झळकत होतं. टेबलामागून टेबल, स्वतः करते, स्वतः करते. मी पाठीमागे, ती पुढे. चित्राची गोष्टसुद्धा तिनं हातवाऱ्यांनी करून दाखवली आणि टेबलामागच्या बाई खूष झाल्या. शेवटच्या टेबलाशी नवे आलेले तरुण गुरुजी बसले होते. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी दारातून हाक मारली, "बाई, चहा घ्या, निवतोय." मी दाराकडे गेले. कपाला तोंड लावून वळून बघितलं, तर गुरुजी विचारत होते, "बाळ, तुझं नाव काय?"

ईश्वरीनं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या पाठीमागे, जिथं मी नव्हते तिथं बघितलं. डावीकडे, उजवीकडे. गुरुजींनी पुन्हा विचारलं. तिचा चेहरा कावराबावरा झाला, आणि मग तिनं कंबर मोडली, पाय उचलला आणि झकास हत्ती केला.

सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. "गुरुजी, लाजते हो ती. ईश्वरी नाव तिचं. लिहा, स्वतः सांगते," असं म्हणून मी तो शेराही लिहवून घेतला आणि खाली ऐटीत सही ठोकली.

परत निघालो. माझी मदतनीस हिराबाई भांडी आवरायला शाळेतच थांबली होती. आयाही पुढे गेल्या होत्या, कुणाला कामाची पाळी, कुणाला म्हशी. नऊ पोरं आणि मी. आम्ही रस्त्यानं आगगाडी करून जातो. प्रत्येकानं पुढच्याचा सदरा धरायचा, सगळ्यात पुढे इंजिन. इंजिन व्हायला पोरं एकमेकांचे केस उपटतात. एरवी इंजिन हिराबाई, पण त्या दिवशी बक्षीस म्हणून मी ईश्वरीला पुढे उभं केलं. कार्ड दोन्ही हातांत धरून ती छाती काढून निघाली. मी मागे, सगळ्यात लहान पोरगं अंगावर रेलत होतं म्हणून.

शनिवार होता. मागून गाडी आली. हॉर्न वाजला. पोरांना सवय आहे. हॉर्न म्हटलं की डावीकडे गवतात उतरायचं. आठ डबे गवतात उतरले. इंजिन रस्त्याच्या मधोमध चालतच राहिलं.

पुन्हा हॉर्न. लांबलचक. मी ओरडले, "ईश्वरी!" माझा आवाज टेकडीवर गुरं वळणाऱ्या माणसाला ऐकू जातो. समोरच्या घरातली बाई बाहेर आली. ईश्वरी चालत होती. वेणीची रिबीन हलत होती, एवढंच मला दिसत होतं. मी अंगावर रेललेलं पोरगं गवतात बसवलं आणि धावले. गाडीचे ब्रेक करकचले, धूळ उडाली, आणि त्या धुळीत मला ती दिसेना. ते दोन-तीन क्षण अजूनही कधी भाजी चिरताना, कधी देवापुढे बसले असताना माझ्यासमोर येऊन उभे राहतात.

धूळ बसली. गाडी तिच्यापासून हातभरावर थांबली होती. गाडीची ऊब पाठीला लागली म्हणून की काय, ती वळली, आणि मग एवढी दचकली की कार्ड हातातून पडलं.

गाडीतल्या पोरानं काच खाली केली. पांढरा पडला होता तोही. "अहो मॅडम, बहिरी आहे का ही? केव्हाचा हॉर्न मारतोय!"

मी कमरेला पदर खोचला. असा प्रसंग मी सहसा वाया घालवत नाही. "बहिरी? बहिरा असशील तू! गाणी लावून ठेवलीत बोंबलत, पोरं दिसत नाहीत? तुझ्या बापाचा रस्ता आहे? आमची पोर बहिरी म्हणतोस? अरे, अख्ख्या मेळाव्यात पहिली आलीय ती! एकेक गोष्ट सांगितली की..."

आणि तिथंच माझं वाक्य थांबलं. सांगितली की काय करते ती? मी पुढे काय म्हणणार होते? सांगितलेलं लगेच ऐकते, असं म्हणणार होते. गाडीतला पोरगा, गवतातली आठ पोरं आणि दारात आलेली ती बाई, सगळी माझ्याकडे बघत होती. ईश्वरीही माझ्याकडे बघत होती. माझ्या ओठांकडे आणि हातांकडे.



सोमवारी सकाळी मी पोरांना बसवलं. ईश्वरी नेहमीच्या जागी, समोर. मी दोन्ही हात काखेत घट्ट दाबले, मान खाली घालून चेहरा पदराआड केला आणि रोजचं गाणं सुरू केलं. आवाज तोच, चाल तीच. बाकीच्या पोरांना गंमत वाटली, पण त्यांनी गाणं धरलं. माझ्याशिवायच त्यांचे हात हलू लागले. मी पदराच्या कडेतून बघत होते. ईश्वरी क्षणभर बसून राहिली. मग शेजारणीच्या हातांकडे बघून करू लागली. मी सगळ्यांना हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि पुन्हा गायले.

आता ती नुसती बसली होती. वाट बघत. गाण्याची दोन कडवी तिच्यावरून निघून गेली. मग ती उठली, माझ्यापाशी आली आणि माझा डावा हात काखेतून ओढून काढला. मग उजवा. दोन्ही हात तिनं समोर ठेवले, नीट सारखे केले, आणि खाली बसून माझ्याकडे बघत राहिली. चल, कर सुरू, असं.

चुलीपाशी हिराबाई डाळ धुवत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाई, ही पोरगी तुमाला आयकत न्हाई. ती तुमाला बगतीया."

मी त्या दिवशी पोरांना लवकर सोडलं आणि टाकीखाली जाऊन बसले. हिशोब मांडत होते. आरोग्य तपासणीला डॉक्टर येऊन गेले होते, तेव्हाही मी पोरांच्या समोर उभी राहून नाक दाखवा, कान दाखवा असं करत होते, आणि ती दाखवत होती. तपासणाऱ्याला वाटलं, चलाख पोर आहे. दीड महिन्यानं शाळा उघडणार होती. शाळेला जायला तोच रस्ता. पहिलीतलं पोर आमच्याकडे एकटंच जातं, कारण आई सहाच्या गाडीनं लोणावळ्याला गेलेली असते. आणि माझ्या सहीचं कार्ड सांगत होतं, ही मुलगी तयार आहे.

मंगळवारी रेश्मा घरी असते. मी आबांच्या गाडीवर गेले. कार्ड तिथंच होतं, लिंबांच्या बरणीला टेकवून ठेवलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. आबा गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमची नात. समद्यात पयली."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की हात हलवले नाहीत.

आबा शांतपणे म्हणाले, "आमच्या घरात बहिरं कोन न्हाई. माजा बाप नव्वदीत बी आयकत व्हता."

"आबा, पण एकदा पुण्याला नेऊन तपासून..."

"ही सई कुनाची?" त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "तुमचीच ना? परवा लिवलं समदं येतं, आज म्हनता पोरगी बहिरी. मंग खोटं कवा बोलला, परवा का आज?"

"परवा," मी म्हटलं.

त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी लिंबू कापायला घेतलं आणि कापता कापता म्हणाले, "कानात मशीन घालून फिरली तर समद्या गावाला दिसंल. उद्या लगीन कोन करंल?"

रेश्मा मागे बसून कणसं सोलत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "आबा, लगीन व्हायला पोरगी रस्त्यावरनं जित्ती घरी तर आली पायजे."

आबांच्या समोर त्या घरात कुणी असं बोलत नाही. मग ती माझ्याकडे वळली. "बाई, मी तुमाला इचारलं व्हतं. दोन वर्साखाली. म्हनलं, ही हाक मारल्याली बगत न्हाई वो. तुमी म्हनला, हुशार पोरं आपल्याच नादात असत्यात. म्हनला, रेश्मा, तुजी पोरगी लय हुशार हाय." तिनं कणसाचे केस झटकले. "मला इतकं ग्वाड वाटलं. मंग मी इचारायचं सोडून दिलं."

मला ते आठवतही नव्हतं. दिवसाला दहा आयांना मी असं काहीतरी म्हणते. त्यांना बरं वाटतं, मलाही बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं की ते कार्ड खोटं आहे, ते रद्द करा. ते म्हणाले, "बाई, ऑनलाइन भरून झालं. आता ते खोडता येत नाही."

"मग मला खोडा."

"असं कसं बोलता?" त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "एका पोरीसाठी तुम्ही पाठीमागे उभं राहण्याचं सगळं बाहेर काढणार? बाकीच्या सेविकांचं काय? त्यांना काय तोंड दाखवाल?"

हे खरं होतं, आणि त्याची मला भीतीही होती. पर्यवेक्षिका मॅडमना मी लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, मला सज्जड दम दिला आणि मग स्वतःच फोन लावून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तारीख मिळवून दिली. बाकीच्या दोन खोडांपैकी एक अजून माझ्याशी बोलत नाही. मीटिंगला ती माझ्या शेजारची खुर्ची रिकामी सोडून बसते.

मळवलीहून सकाळच्या लोकलनं गेलो. रेश्मा, ईश्वरी आणि मी. आबा आले नाहीत, पण स्टेशनापर्यंत सोडायला आले आणि पोरीच्या हातात भाजलेलं कणीस दिलं.

कानाची तपासणी काचेची खिडकी असलेल्या एका खोलीत होते. आतून भिंतींना जाड गाद्या लावलेल्या असतात. तिथल्या मुलीनं ईश्वरीच्या कानाला हेडफोन लावला आणि एक ठोकळा हातात दिला. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. ईश्वरीला कळेना. माझा हात आपोआप उचलला गेला. ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर थांबा."

आजी! पन्नाशीच्या बाईला! एरवी तिथंच एक प्रवेश झाला असता. मी निमूट बाहेर गेले आणि ईश्वरीची नजर मला शोधेल म्हणून काचेकडे पाठ करून उभी राहिले. समोर बाकड्यावर रेश्मा बसली होती, काचेकडे तोंड करून. आत काय होतंय ते मला फक्त तिच्या चेहऱ्यात दिसणार होतं.

तिचा चेहरा दगडासारखा होता. किती वेळ गेला कोण जाणे. आत आवाज सुरू असणार, बारीक, मग मोठा, मग त्याहून मोठा, आणि रेश्माचा चेहरा दगड तो दगडच. मी नवस बोलायला लागले होते आणि कुठल्या देवाला बोलतेय ते ठरवत नव्हते. मग तिनं एकदम तोंडावर पदर दाबला आणि डोळे मोठे केले.

"टाकला," ती म्हणाली. "बाई, ठोकळा टाकला."

अगदी मोठा आवाज तिला पोचत होता. थोडं शिल्लक होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, मशीन लागेल, दोन्ही कानांना. बोलायला शिकवावं लागेल, रोज, कंटाळा न करता. मग कागदावरची नजर न काढता म्हणाल्या, "दोन वर्षं आधी आणली असती तर फार फरक पडला असता. अंगणवाडीत जात नव्हती का?"

"जात व्हती," रेश्मा म्हणाली. पुढे काही बोलली नाही. मला वाचवलं तिनं, किंवा तिला आता त्यात रस राहिला नव्हता.

"मीच तिची बाई," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "आणि तुमच्या लक्षात आलं नाही?"



ईश्वरी आणखी एक वर्ष माझ्याकडे राहिली. मशीन आल्यावर पहिले पंधरा दिवस ती भेदरलेली असायची. कुकरच्या शिट्टीला रडली, कावळ्याला रडली, मी गायला लागल्यावर दोन्ही हातांनी कान झाकले. एकदा मशीन तांदळाच्या डब्यात लपवून आली आणि आम्ही अर्धा दिवस गाव पालथं घातलं. आबा आता गिऱ्हाइकांना स्वतः होऊन सांगतात, "पुन्याहून आनलंया, भारी असतं त्ये." ह्या जूनला ती पहिलीत गेली. समोर बसते. नाव विचारलं तर सांगते, पण चार शब्दांतले दोन निसटतात, आणि निसटलेले शब्द तिच्या चेहऱ्यावर दिसतात. रेश्मानं सकाळचं काम सोडलं. शाळेला ती नेऊन सोडते, रस्त्याच्या बाजूनं स्वतः चालते. जमेल, असं गुरुजी म्हणतात. हा शब्द पूर्वी मी फार सहज वापरत असे.

आता नवं पोर आलं की मी आधी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करते. चार पावलं मागे जाते आणि साध्या आवाजात नाव घेते. नाव घेणं आणि मान वळणं ह्यांच्यामध्ये एक लहानशी फट असते. त्या फटीत मी जितकी घाबरते तितकी आयुष्यात कशालाच घाबरले नाही. मान वळली की हत्ती.

पण आत्तापर्यंत जी पोरं माझ्या हाताखालून गेली, ती तर कधीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली नव्हती. हे मला सुचायला नको होतं. ते सुचलं, आणि तेव्हापासून मी जुन्या पोरांना मागून हाक मारते. रिक्षा स्टँडवर, लग्नात, रेशनच्या रांगेत. वळतात बिचारी. "काय बाई, बरं हाय ना?" म्हणतात. मी उगाच काहीतरी विचारते आणि सुटकेचा श्वास सोडते.

गेल्या आठवड्यात कामशेतच्या बाजारात मला सुवर्णा दिसली. माझ्या अगदी पहिल्या वर्षातली. आता नवलाख उंबरे गावी दिलेली, दोन लेकरांची आई. गाण्यात, नाचात सगळ्यांच्या पुढे असायची, आणि गुणी इतकी की कधी आवाज म्हणून नाही. मी सगळ्यांना तिचं कौतुक सांगायचे. पुढे शाळेत मात्र काही केल्या तिला जमेना. तिसरीत दोनदा बसली. मठ्ठ आहे म्हणाले. मग शाळा सुटली आणि ती खुरपायला जाऊ लागली.

ती पाठमोरी बसून कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होती. मी चार पावलांवर उभी राहिले.

"सुवर्णा."

बाजारात गोंगाट असतो, हे खरं आहे. मी जरा थांबले. टेम्पो निघून जाऊ दिला. मग दुसरी हाक मारली, मोठ्यानं. आणि मग तिसरी, माझ्या टेकडीवर पोचणाऱ्या आवाजात.

शेजारची भाजीवाली वळली. पलीकडचा कांदेवाला वळला, त्याचं गिऱ्हाईक वळलं. सुवर्णानं एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं आणि पुढची जुडी उचलली.

टोपल्यांमधून वाट काढत मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. तिनं मान वर केली, मला बघितलं आणि तोंडभर हसली.